‘पूर्ण’ आणि ‘पक्व’ : नांदेड-लातूरच्या व्यवहारातील शब्दांची घडण

इंग्रजीतील ‘मॅच्युअर’ आणि ‘कम्प्लीट’ ही विशेषणे माणूस, फळ, ठेव, इमारत, अर्ज अशा एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टींना सारखीच लागतात आणि नेमक्या याच कारणाने ती दुसऱ्या भाषेत नेताना भाषांतरकाराची कोंडी होते. समजूतदार माणूस, पीक आलेले शेत आणि पाच वर्षांची मुदत संपलेली ठेव यांचे काम इंग्रजीत एका शब्दात भागते. मराठीत तसे करू पाहिल्यास तिन्हींपैकी दोन ठिकाणी तरी वाक्य हास्यास्पद होते. मध्य युरोपातील चेक भाषेचीही स्थिती हीच आहे. तिथे फळ आणि विचार ‘झ्राली’ असतात, वयाने मोठे झालेले माणूस ‘दोस्प्येली’ असते, पुढारलेले तंत्रज्ञान ‘विस्प्येली’ म्हटले जाते आणि कर्जरोख्याच्या मुदतीला ‘स्प्लात्नोस्त’ असा अगदी वेगळ्या घराण्यातील शब्द आहे. या दोन भाषांना आधुनिक कोशही जवळपास एकाच काळात मिळाले: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 सालचा, तर योसेफ युंगमानचा पाच खंडांचा चेक-जर्मन कोश 1834 ते 1839 या काळातील. एका मोठ्या सत्ताभाषेच्या शेजारी राहून आपल्या भाषेत शासन, कायदा आणि शास्त्र आणण्याचा उद्योग दोघींनाही करावा लागला. तो करताना शब्दाचा प्रतिशब्द शोधण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: एखादी गोष्ट पुरी झाली किंवा पक्व झाली हे नक्की कोण ठरवतो आणि कोणत्या खुणेवरून ठरवतो. मराठीतील या गटाचे जे शब्द चांगले वठले, ते ही खूण सांगणारे आहेत. जे फसले, ते केवळ इंग्रजी शब्दावर बेतलेले आहेत.

नांदेड आणि लातूर या भागाला हा उद्योग दोनदा करावा लागला, म्हणून तेथील उदाहरणे विशेष बोलकी आहेत. हा सारा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या कारभारात 1884 च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली, 1917 मध्ये हैदराबादेत ‘दारुत्तर्जुमा’ म्हणजे भाषांतरगृह या नावाची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तिने केलेल्या पाठ्यपुस्तकांच्या बळावर 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून देण्यात आले. गोदाकाठच्या मराठी मुलाला त्यामुळे इंग्रजी संकल्पना प्रथम भेटली ती उर्दू पोशाखात. पुढे 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर हे त्या वेळेपर्यंत बीदर जिल्ह्यात असलेले तालुकेही त्याच वर्षी मराठी मुलखाला जोडले गेले. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालयाची स्थापना झाली, 1962 मध्ये पदनाम कोश आला, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम झाला आणि 1973 मध्ये शासन व्यवहार कोश प्रसिद्ध झाला. एका पिढीच्या आत कचेरीची भाषा अरबी-फारसी शब्दांवरून संस्कृत शब्दांवर आली. लोकांच्या तोंडी मात्र पहिला थर तसाच राहिला आणि त्यावर दुसरा बसला. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा निजामकालीन दप्तर वाचण्यासाठी उर्दू आणि मोडी जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला, यावरून पहिला थर किती जाड आहे याची कल्पना येते.

वयाची पूर्तता सांगणारा या जुन्या थरातील शब्द ‘बालिग’ हा होय. अरबीत त्याचा मूळ अर्थ ‘पोहोचलेला’ असा आहे. बाल्य आणि बालिग यांचा एकमेकांशी संबंध नाही, उच्चारातील साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. वय ही एक मजल असून माणूस तिथवर येऊन ठेपतो, ही कल्पना या शब्दामागे आहे आणि चेकमधील ‘दोस्प्येली’ हा शब्दही नेमका ‘जाऊन पोहोचणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून बनलेला आहे. मराठीने आपल्या परीने हेच ‘वयात येणे’ या वाक्प्रचारात साधले आहे. एक सेमिटिक भाषा, एक स्लाव्ह भाषा आणि मराठी अशा तिघींनी एकमेकींना न विचारता मोठे होण्याला प्रवासाची भाषा लावावी, हे भाषाभ्यासकाला सुखावणारे आहे. ‘वयात येणे’ हा प्रयोग मात्र मराठीत शरीराच्या बदलाशी इतका बांधला गेला आहे की कायद्याच्या कागदावर तो चालत नाही.

कायद्याच्या मराठीने त्या जागी ‘सज्ञान’ आणि ‘अज्ञान’ ही जोडी घेतली. 1875 च्या भारतीय सज्ञानता अधिनियमाने अठरा वर्षे पुरी झाली की व्यक्ती सज्ञान समजली. न्यायालयाने पालक नेमला असल्यास ही मर्यादा एकवीस होती, ती 1999 च्या दुरुस्तीने अठरावर आली. या जोडीचे रोजच्या व्यवहारातील रूप पाहायचे असेल तर सातबारा उतारा उघडावा. वडील वारले आणि जमीन लहान मुलाच्या नावे लागली की उताऱ्यावर मुलाचे नाव, त्यापुढे ‘अ.पा.क.’ ही तीन अक्षरे आणि मग आईचे किंवा चुलत्याचे नाव येते, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मूल अठरा वर्षांचे झाले म्हणून ही अक्षरे आपोआप गळत नाहीत. वयाचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार नोंदवला जातो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मगच शेरा कमी होतो. बहुतेक जण हा खटाटोप जमीन विकण्याची किंवा कर्ज काढण्याची वेळ येईपर्यंत करत नाहीत, त्यामुळे स्वतः नातवंडे खेळवणारा शेतकरी उताऱ्यावर अज्ञानच राहतो. 2025 मध्ये राज्याने ‘जिवंत सातबारा’ मोहिमेच्या पुढील टप्प्यात असे कालबाह्य शेरे कमी करण्याचे काम हाती घेतले, त्यात हा अपाक शेराही होता. तलाठी कार्यालयात ‘अपाक कमी करणे’ हा आता एक स्वतंत्र शब्दप्रयोगच झाला असून तो वापरणाऱ्या अनेकांना त्या तीन अक्षरांचा विस्तार विचारला तर सांगता येत नाही.

या जोडीत एक उघड दोष आहे. ‘अज्ञान’ हे मराठीत मुळात नाम असून त्याचा रूढ अर्थ ज्ञानाचा अभाव हा आहे, त्यामुळे वय कमी असण्याला अक्कल कमी असण्याचा वास लागतो. उर्दूतील ‘नाबालिग’ म्हणजे अजून न पोहोचलेला; त्यात कमीपणा नाही, वाट बाकी असल्याची नोंद तेवढी आहे. पुढे ‘अल्पवयीन’ हा शब्द रुळला तो बरा, कारण तो वयाबद्दल बोलतो आणि वयावरच थांबतो.

‘प्रौढ’ या शब्दाची अडचण निराळी आहे. 2 ऑक्टोबर 1978 रोजी देशात सुरू झालेल्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमात तो अगदी चपखल बसला, कारण कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसणारी माणसे खरोखरच संसारी, मध्यम वयाची होती. संविधानाच्या अनुच्छेद 326 मधील मताधिकारालाही ‘प्रौढ मताधिकार’ असेच म्हटले जाते आणि मतदानाचे वय एकवीस होते तोवर ते कसेबसे खपले. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने 1989 पासून ते अठरा झाले, पण महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाला मराठीत कोणी प्रौढ म्हणत नाही. हिंदीची उसनवारी तर इथे थेट घातक ठरते: हिंदीत ‘वयस्क’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण केलेला, मराठीत वयस्क म्हणजे वयोवृद्ध. हिंदी जाहिरातीवरून घाईने केलेल्या मराठी मजकुरात हा शब्द जसाच्या तसा येतो आणि तरुणांसाठी असलेली योजना आजोबांच्या नावे जमा होते.

चेकमध्ये वयाच्या या कायदेशीर टप्प्यासाठी ‘प्लनोलेती’ असाही शब्द आहे. त्यातील ‘प्लनी’ म्हणजे भरलेला, आणि हा शब्द संस्कृत ‘पूर्ण’ शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोन्ही एकाच प्राचीन भारोपीय मुळातून आले आहेत. ‘लेतो’ म्हणजे उन्हाळा, म्हणजे उन्हाळे भरलेला तो प्लनोलेती. थंड मुलखातील माणसांनी वय उन्हाळ्यांनी मोजावे आणि मराठीने ते पावसाळ्यांनी मोजावे हे ज्याच्या त्याच्या हवामानाला धरूनच झाले. संस्कृत ‘वर्ष’ शब्दाचा जुना अर्थही पाऊस हाच आहे.

माणसाकडून पिकाकडे वळले की मराठीची श्रीमंती एकदम वाढते. रब्बी ज्वारीचेच घ्यावे. कणीस पानाच्या आवरणात असते तेव्हा ज्वारी पोटरीत असते, कणीस बाहेर पडले की ती निसवते, मग फुलोरा, मग दाणा दाबला असता दुधासारखा रस निघतो ती चिकाची अवस्था, आणि दाणा भरत येऊन मऊ व गोड असतो तेव्हा हुरडा. गुळभेंडीसारखी ज्वारी याच अवस्थेसाठी मुद्दाम पेरतात. आगटीत भाजून तळहातावर चोळलेला हुरडा चार-सहा दिवस उशीर झाला तरी तसा लागत नाही. म्हणजे खाणाऱ्याच्या दृष्टीने दाण्याचे पूर्णत्व हुरड्यात आहे आणि धान्य साठवणाऱ्याच्या दृष्टीने ते अजून पुढे आहे. कृषिशास्त्राला तिसराच क्षण हवा असतो. त्याला कृषी-साहित्यात ‘शरीरक्रियात्मक पक्वता’ असे भारदस्त नाव असून त्याचा अर्थ एवढाच, की त्या क्षणानंतर झाडाकडून दाण्यात नवे अन्न जात नाही आणि त्याचे कोरडे वजन वाढत नाही. ज्वारीत याची खूण नुसत्या डोळ्यांनी दिसते: दाणा कणसापासून सोडवून त्याचा खालचा टोकाकडचा भाग पाहिला की तिथे काळा ठिपका दिसतो. त्या वेळी दाण्यात साधारण 30 टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो, म्हणजे दाणा पक्व असला तरी पोत्यात भरण्याजोगा नसतो. ‘शरीरक्रियात्मक पक्वता’ हा शब्द शेतकरी वापरत नाही. ‘काळा ठिपका आला का’ असे तो विचारतो, आणि व्याख्येत जे आहे ते सगळे त्या प्रश्नात येते.

सोयाबीनला हे जुने शब्दभांडार मिळाले नाही, कारण ते पीक या भागात गेल्या काही दशकांतच पसरले. आज लातूरची बाजारपेठ सोयाबीन आणि तूर यांच्या उलाढालीसाठी देशभर ओळखली जाते, पण सोयाबीनच्या अवस्थांना ज्वारीसारखी घरगुती नावे पडलेली नाहीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 1972 मध्ये आपल्या स्थापनेपासून पिकांचे वाण आणि त्यांच्या लागवडीची माहितीपत्रके या भागाला पुरवली आणि त्यातून ‘शेंगा पिवळसर-तपकिरी झाल्यावर काढणी’ अशी वर्णनाची भाषा रूढ झाली. बाजारात तर पक्वतेची खूण रंगावरूनही हटली आणि आकड्यावर आली. हमीभावाने खरेदी करताना दाण्यात 12 टक्क्यांहून अधिक ओलावा असू नये असा निकष आहे. 2024 च्या हंगामात केंद्र सरकारने ही मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत शिथिल केली, म्हणजे जे सोयाबीन एरवी परत गेले असते ते त्या वर्षी स्वीकारण्याजोगे ठरले. दाणा तोच, झाड तेच. पुरे झाले की नाही हे ठरवणारा बदलला.

चिंचेच्या बाबतीत मराठीचा सूक्ष्मपणा आणखी ठळक होतो. पूर्ण पिकलेली नाही आणि कच्चीही राहिलेली नाही, टरफल आतल्या गरापासून सुटू लागले आहे, अशा चिंचेला ‘गाभुळलेली’ म्हणतात. या एका शब्दाला इंग्रजीत किंवा चेकमध्ये वाक्यच लिहावे लागेल. निलंगा तालुक्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा अशा शब्दांची परिभाषा म्हणून नोंद होण्याची संधी होती आणि अजूनही आहे. पिकण्याच्या पलीकडच्या टोकालाही मराठीकडे ‘जून’ आणि ‘निबर’ हे शब्द आहेत. जून भेंडी शिजत नाही, निबर काकडी दातांखाली चरचरते. यातील ‘जून’ हा ‘जुना’ आणि ‘जीर्ण’ यांच्या कुळातील असून चेकमधील ‘झ्राली’ हाही त्याच मुळाचा मानला जातो. एकाच मुळातून निघालेला शब्द प्रागच्या बाजारात फळाची तारीफ करतो आणि लातूरच्या बाजारात भाजीचा भाव पाडतो.

या सगळ्याच्या तळाशी जो धातू आहे तो मात्र पिकण्याचा नव्हे, शिजवण्याचा आहे. संस्कृत ‘पच्’ म्हणजे शिजवणे. त्यापासून ‘पक्व’, आणि पक्वपासून प्राकृतमार्गे मराठीत ‘पिकणे’, ‘पीक’ आणि ‘पक्का’ असा मोठा परिवार झाला. चेकमध्ये याच मुळाचे ‘पेकार्झ’ म्हणजे पाव भाजणारा. फारसीत याच मुळाचे क्रियापद ‘पुख्तन’ म्हणजे शिजवणे, त्यावरून ‘पुख्ता’, आणि तेच मराठीत ‘पोक्त’ झाले. म्हणजे ‘पक्व’ वारशाने आलेला, ‘पोक्त’ दरबारातून आलेला, आणि दोघे मुळात एकाच चुलीवरचे. ‘परिपक्व’ म्हटले की निबंधाची आठवण होते. ‘पोक्त’ म्हटले की चारचौघांत तोलून बोलणारी, भावकीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी जिला बोलावतात अशी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. शाळा-महाविद्यालयांच्या पुस्तकांत मानसशास्त्राच्या अंगाने ‘परिपक्वन’ हा शब्द शिकवला जातो आणि तिथे तो योग्यच आहे, कारण मज्जासंस्थेची व शरीराची शिकवण्यावाचून होणारी वाढ असा त्याचा काटेकोर अर्थ आहे. पण माणसाच्या स्वभावाविषयी लिहिताना ‘पोक्त’ टाकून ‘परिपक्व’ घेण्याची आज जी सवय पडली आहे, तिच्यामागे भाषेची गरज कमी आणि इंग्रजी वाक्याचे दडपण अधिक आहे.

भाजण्याचे हेच रूपक मराठवाड्याच्या संतपरंपरेतही आहे. तेरच्या गोरोबा काकांनी कुंभाराच्या थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि हिंगोलीजवळच्या नर्सीच्या नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. त्यानंतर नामदेवांनी औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून उपदेश घेतला असे परंपरा सांगते. इथेही पक्वतेची खूण आधी ठरलेली आहे, ती आवाजाची, आणि परीक्षक त्या धंद्यातला आहे.

पूर्णत्वाच्या शब्दांमध्ये मराठीने शिजवण्यापेक्षा भरण्याला जवळ केले. दाणे भरतात, वर्ष भरते, बाळंतिणीचे दिवस भरतात, पापाचा घडा भरतो आणि एखाद्याचे शंभरही भरतात. इंग्रजी ‘कम्प्लीट’ शब्दाच्या लॅटिन मुळातही भरणेच आहे, त्यामुळे ‘पूर्ण’ हा त्याला नैसर्गिक जोडीदार मिळाला. ‘परफेक्ट’ची गोष्ट वेगळी, त्याच्या मुळाशी काम शेवटपर्यंत करून टाकणे आहे, आणि चेकने ‘दोकोनाली’ हा शब्द त्याच साच्यावर, ‘दो’ म्हणजे शेवटपर्यंत आणि ‘कोनात’ म्हणजे करणे, असा घडवला. मराठीत त्यासाठी ‘परिपूर्ण’ घेतला गेला, पण कचेरीने त्याला आपल्या पद्धतीने वळवले. ‘परिपूर्ण प्रस्ताव सादर करावा’ असे जिल्हा परिषदेचे पत्र येते तेव्हा निर्दोष, आदर्श प्रस्ताव कोणी मागत नसते. सर्व रकाने भरलेला, सर्व कागद जोडलेला प्रस्ताव एवढाच त्याचा अर्थ असतो. कागद कमी असले की ‘त्रुटींची पूर्तता’ करावी लागते. या दोन शब्दांबद्दल कचेरीच्या मराठीची निंदा करण्याचे कारण नाही. ‘भरणे’ या देशी कल्पनेशी ते प्रामाणिक आहेत आणि अर्ज घेऊन खेटे घालणाऱ्याला ते कोश न पाहता कळतात.

क्रिया पुरी झाल्याचे सांगण्यात मराठी आणि चेक पुन्हा जवळ येतात. चेक क्रियापदांचे अपूर्ण आणि पूर्ण असे दोन वर्ग असून पूर्ण वर्गाला ‘दोकोनावी’ म्हणतात: ‘चेत्ल’ म्हणजे तो वाचत होता, ‘दोचेत्ल’ म्हणजे त्याने शेवटपर्यंत वाचले. मराठीत हेच ‘वाचून झाले’, ‘जेवून झाले’ अशा रचनेतून येते. ‘पुस्तक वाचले आहे’ आणि ‘पुस्तक वाचून झाले’ यांतील फरक मराठी माणूस सहज करतो. इंग्रजीवरून मराठीत येणाऱ्या सूचना आणि अहवाल मात्र सगळीकडे ‘पूर्ण केले आहे’ असे ठोकळेबाज रूप वापरतात. ‘पंचनामे पूर्ण करण्यात आले आहेत’ या वाक्यापेक्षा ‘पंचनामे झाले’ हे वाक्य लहान आहे आणि त्यात कमी काहीच नाही.

बँकेच्या दारात भाषांतर सर्वांत कमजोर पडले आहे. मुदत ठेवीच्या पावतीवर कुठे ‘परिपक्वता रक्कम’, कुठे ‘परिपक्वता दिनांक’ असे छापलेले आढळते. ठेव काही झाडाला लागलेली नसते आणि ती पिकली की नाही हे दाबून पाहता येत नाही. चेकने इथे शहाणपणा केला: ‘स्प्लात्नोस्त’ म्हणजे फेड देय होणे, ज्यात कोणी कोणाला पैसे द्यायचे याचाही निर्देश आहे. मराठीकडे ‘मुदत’ हा अरबी आणि ‘पूर्ती’ हा संस्कृत शब्द जोडून बनलेला ‘मुदतपूर्ती’ आहे. दोन थरांचे असे निकोप लग्न विरळा. खातेदार मात्र ‘पावती भरली’ किंवा ‘एफडी मॅच्युअर झाली’ म्हणतो, आणि यातील पहिला प्रयोग तर कोशकारांनी उचलून घ्यावा इतका नेमका आहे.

चेकमध्ये शालान्त परीक्षेलाच ‘मातुरिता’ म्हणतात, म्हणजे तिथे पक्वतेचा दाखला शाळा देते. आपल्याकडची ‘मॅट्रिक’ तिच्याशी उच्चाराने जवळची वाटली तरी ती नोंदवहीच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आली आहे. तिचा अर्थ विद्यापीठाच्या पटावर नाव लागणे एवढाच होता. बारावीच्या गुणांसाठी प्रसिद्ध झालेल्या लातूरला हा फरक माहीत असायला हरकत नाही.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात उर्दू दप्तर वाचणारे, मराठीची परिभाषा शिकवणारे आणि शेतीचे शब्द बोलणारे असे तिन्ही प्रकारचे जाणकार मिळू शकतात. पारिभाषिक कोशांची नवी आवृत्ती जेव्हा केव्हा निघेल, तेव्हा ‘गाभुळलेली’, ‘चिकात आलेली’, ‘पोक्त’ आणि ‘पावती भरणे’ हे शब्द मुख्य नोंदीत यावेत, ‘परिपक्वता रक्कम’ गाळावी आणि ‘अज्ञान पालनकर्ता’ ऐवजी ‘अल्पवयीनाचा पालक’ असे लिहावे. यातील शेवटचा बदल तर सातबाऱ्याच्या संगणकीय नमुन्यात एका ओळीच्या दुरुस्तीने होण्यासारखा आहे.